पेडलची थरथर

१२ ऑक्टोबर १९९७, रविवार. पेण

लहानपणी रोह्याला कुंडलिकेच्या काठी आम्ही तिघं वाळूत बसलो होतो. सायमनकडे सायकलच्या मोडक्या डायनामोतलं चुंबक होतं, सुतळी बांधलेलं. तो ते वाळूतून फरफटत न्यायचा आणि उचललं की त्याला काळ्या कणांची दाट मिशी आलेली असायची. मिरियम फ्रॉकचा घेर पुढे धरून बसायची आणि मी नखाने ती मिशी खरवडून त्यात पाडायची. त्या वाळूचं पुढे काय करायचं ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. घरी गेल्यावर फ्रॉकला डाग पडला म्हणून मिरियमने मार खाल्ला. मी कॉन्व्हेंटमधून सुट्टीला आले होते, आठ-नऊ वर्षांची असेन. पुढे सायमनशी माझं लग्न होईल आणि मिरियम माझी नणंद होईल, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर आम्ही तिघंही हसलो असतो.

काल रोह्यात किप्पुरचा उपास सोडताना ही आठवण मिरियमवन्संनीच काढली. म्हणाल्या, "तुझा नवरा लहानपणापासून लोखंडाच्या मागे." सायमनला जाऊन तीन वर्षं झाली, पण त्या अजून तो बाजारात गेल्यासारखं बोलतात.

आज पेणला परत येताना गाडीत स्टिअरिंगमागे ब्रेकचा पिवळा दिवा लागला. गाडी जर्मन आहे. सायमनने आफ्रिकेतली मोंबासाची नोकरी सोडून येताना जहाजातून आणलेली. ब्रेक लागत होते, पण दिवा गेला नाही. माझ्या लेकीचा, डेबोराचा इस्राएलमधल्या अश्दोदहून फोन आला तेव्हा सांगायला नको होतं, सांगून बसले. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मम्मी, हनुकाच्या सणापर्यंत गाडी धड झाली नाही तर ती विकायची आणि तू इकडे यायचं. त्रेसष्टाव्या वर्षी बायका हायवेवर गाडी चालवत नाहीत."

मी इथून गेले तर शुक्रवारी संध्याकाळी रोह्याच्या घरात दिवा कोण लावणार? वन्संना वात दिसत नाही. नदीपलीकडे अष्टमीच्या बाजूला आपल्या बेने इस्राएल लोकांतलं आता त्यांचं एकच घर उरलंय. गाडी आहे म्हणून मी दर शुक्रवारी दुपारी जाते, शनिवारचा शब्बाथ तिथे काढते आणि रविवारी येते. गाडी गेली की हे गेलं.

कॉन्व्हेंटमध्ये रोजनिशी लिहायला लावायच्या तेव्हा सिस्टर सांगायच्या, दिसलं ते लिहा, वाटलं ते नको. मी अजून तसंच लिहायचा प्रयत्न करते.

आणखी एक दिसलेली गोष्ट : घरी आले तर पायात एकच चप्पल. दुसरी वन्संच्या ओटीवर राहिली असणार. घरकामाला येणारी जनी हसून बेजार झाली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

निकेशने गाडी वर उचलून चाकं काढली. हा आमचा मेकॅनिक. गॅरेज मूर्तीवाल्यांच्या गल्लीच्या टोकाला आहे, त्यामुळे त्याच्या कपड्यांवर एका बाजूने ऑइल आणि दुसऱ्या बाजूने पांढरी धूळ असते.

"आंटी, सायकलचा डायनामो बघितलाय ना? चाक फिरलं की वीज, थांबलं की बंद. हा सेन्सर त्याचा भाऊ. फक्त चाकाला टेकत नाय."

त्याने दाखवलं. चाकाच्या आत दातेरी कडी असते. तिच्यापासून कागद जाईल एवढ्या अंतरावर बोटाएवढा सेन्सर. आत चुंबक आणि त्याभोवती तांब्याची बारीक तार. कडीचा एकेक दाता समोरून गेला की तारेत विजेचा एकेक ठोका उठतो. चाक जोरात फिरलं की ठोके भराभर, हळू फिरलं की सावकाश. चारी चाकांचे ठोके बॉनेटखालच्या एका डब्याकडे जातात. जोरात ब्रेक मारला आणि एखाद्या चाकाचे ठोके बाकीच्यांच्या आधीच थांबायला लागले, तर डब्याला कळतं की हे चाक आता फिरत नाही, घसरायला लागलंय. मग तो तेवढ्याच चाकाचा ब्रेक क्षणभर सैल करतो आणि लगेच परत धरतो.

"घसरणारं चाक स्टिअरिंगचं ऐकत नाय, आंटी. फिरणारं ऐकतं. तुम्ही पेडल दाबूनच ठेवायचं. सोड-धर डबा करतो."

"आणि एखादा सेन्सर मुका झाला तर?"

"मग डबा म्हणतो, मला नीट कळत नाय तर मी मधे पडत नाय. पिवळा दिवा लावतो नि गप बसतो. साधा ब्रेक राहतो."

मला तो डबा आवडला. आपल्याला कळत नाही हे इतक्या सरळपणे सांगणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

मग तो हसायला लागला. "आंटी, तुमच्या गाडीला मिशी फुटलीय."

उजव्या पुढच्या चाकाच्या सेन्सरच्या टोकाला काळ्या वाळूचा दाट झुबका होता. मी तो बराच वेळ पाहत राहिले. वन्संच्या घरामागे नदीकाठी मी गाडी लावते, तिथलीच ती.

पण नुसत्या वाळूने एवढं होत नाही. आमच्याकडे पावसाळ्याआधी लोखंड म्हणून जे काही असेल त्याला ग्रीस फासतात. बिजागऱ्या, सायकली, मिठागरातले पंप, काहीच सुटत नाही, नाहीतर खाडीची खारी हवा दिवाळीपर्यंत ते खाऊन टाकते. निकेशने जूनमध्ये त्याच काळजीने माझ्या गाडीला खालून ग्रीस फासलं होतं. कडीला आणि सेन्सरलासुद्धा. त्यात वाळू बसली ती बसलीच.

"मीच घाण केली," तो म्हणाला. "मुंबईवाला मेकॅनिक असं करणार नाय."

"मुंबईवाल्याला आपला खार ठाऊक नाही," मी म्हटलं.

तीन सेन्सर पुसून बसले. उजवा काढताना तुटला. तो टाकणार होता, मी कागदात गुंडाळून घरी आणला. नवा इथे मिळणार नाही. डेबोराला नंबर कळवते.

१९ ऑक्टोबर, रविवार

साध्या ब्रेकवर रोह्याला जाऊन आले. निकेश म्हणाला, पूर्वी सगळ्याच गाड्या अशा होत्या, फक्त वेगात जाऊ नका. मी वेगात कधी गेले?

शुक्रवारी काचेच्या पेल्यात पाणी, वर तेल, त्यात वात सोडून दिवा लावला. वन्सं बाजूला उभ्या होत्या. ज्योत दिसत नाही, पण ऊब लागते म्हणतात; हात पुढे करून त्यांनी खात्री करून घेतली. त्यांच्या बोटांना सगळं कळतं. माझ्या साडीचा पोत चाचपून म्हणाल्या, "ही डेबोराच्या लग्नातली. विरली गो आता."

चप्पल ओटीवर नव्हती.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

निघायच्या आधी दोन ओळी. जनीने दिवाळीचे लाडू आणले, तीन खाल्ले. डॉक्टर साखरेच्या गोळ्या देतात त्या घ्यायच्या राहिल्यात. बुटात खडीचा तुकडा सापडला, चांगला बोराएवढा. सकाळपासून बाजारात फिरत होते. तळव्यावर त्याचा खळगा उमटलेला. बूट मऊ आहेत म्हणून टोचला नसेल. हल्ली पायाखाली कापूस पसरल्यासारखं वाटतं. बरं वाटतं तसं चालायला.

१० नोव्हेंबर, सोमवार

सेन्सर आला. अश्दोदहून कुणी रोह्याच्या सिनेगॉगला यायचं होतं, त्यांच्या हाती डेबोराने पाठवला. निकेशने अर्ध्या तासात बसवला. किल्ली फिरवल्यावर पिवळा दिवा लागला आणि विझला.

"एकदा जोरात ब्रेक मारून बघा," तो म्हणाला. "मोकळ्या रस्त्यावर, खडीवर. चाललं तर पेडल पायाखाली थरथरेल. घाबरून पाय उचलायचा नाय. ती थरथर म्हणजे डबा काम करतोय."

दिवा गेला तर एलियाहू हन्नबी या आमच्या संदेष्ट्याचा मलिदा करायचं बोलले होते, तो केला. पोहे, गूळ, ओलं खोबरं, पाच फळं. प्रार्थना म्हणायला पुरुष नव्हते, मीच म्हटली. जनीला आणि शेजारी वाटून उरला तो मी संपवला.

डेबोराला सांगितलं, दिवा गेला. ती म्हणाली, "तपासून घे नीट." आवाजात आनंद नव्हता.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी खांब गावापर्यंत गेले. तिथे रस्त्याचं काम चाललंय, कडेला खडी पसरली आहे. मागेपुढे कुणी नव्हतं. जोरात ब्रेक मारला. गाडी सरळ थांबली. पेडल थरथरलं नाही. पुन्हा मारला, नाही. तिसऱ्यांदाही नाही.

मन खट्टू झालं. हे वाटलेलं आहे, पण राहू दे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

निकेश स्वतः गाडी घेऊन गेला आणि परत आला. "आंटी, झकास चाललंय. पाय झिणझिणला माझा."

"मला काहीच लागलं नाही."

"हळू मारला असेल."

"मोंबासात मी तुझ्या जन्माआधीपासून गाडी चालवत होते."

"ते खरं हाय," म्हणाला. चिडला नाही. यंत्राने चारी चाकं तपासली, सगळ्यांचे ठोके येत होते.

संध्याकाळी मी वडखळच्या रस्त्याला पुन्हा पाहिलं. काही नाही. परत गॅरेजमध्ये गेले. तिथे दोन-तीन गिऱ्हाईकं उभी होती. मी विचारलं, डेबोराने पाठवलेला नवा भाग खरंच बसवलास की तो ठेवून दुसरा कुठला जुना घातलास? हळूच विचारलं, पण ऐकू गेलं सगळ्यांना. निकेशने हातातला पाना खाली ठेवला.

"आंटी, दुसरीकडे दाखवा," एवढंच म्हणाला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पनवेलच्या मोठ्या गॅरेजमध्ये दाखवली. ते म्हणतात सगळं ठीक आहे, पेडल थरथरतं. तो मुलगा निकेशच्या ओळखीचा निघाला. काय समजायचं ते समजले.

डेबोराला खरं ते सांगितलं. ती म्हणाली, मग ठरलं. मी म्हटलं, हनुकाला अजून महिना आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

जनी ओरडली. मी न्हाणीत पाय शेकायला बादलीत बुडवून बसले होते. "बाय, पानी कडकडीत हाय. माझा हात भाजला नि तुमी पाय घालून बसलाव?" मला कोमटच लागत होतं. तिची कातडी पाण्यात राबून नाजूक झाली असेल. रात्री घोट्याजवळ दोन फोड दिसले. हळद लावली.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज वन्संना बरोबर घेऊन निघाले. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायला पेणला आणत होते. नागोठण्याच्या अलीकडे एक म्हैस अचानक आडवी आली. मी पेडल दाबलं. गाडी म्हशीच्या कडेने वळून थांबली. म्हैस निवांत निघून गेली.

वन्सं म्हणाल्या, "गाडीला काय झालं गो? कुडकुडली ती?"

"नाही. कुठे?"

"अगो, खालून गर्रर्र करून थरथरली. माझ्या तळव्यांना गुदगुल्या झाल्या." गाडीत बसल्या की त्या चपला काढून पाय पसरतात. "तुझा तर पाय त्याच्यावर होता. तुला नाय कळलं?"

मी म्हटलं, माझे बूट जाड आहेत.

त्यांनी पाय जवळ घेतले. मग म्हणाल्या, "आमच्या आईला असंच झालं होतं. चुलीतला निखारा पायावर पडलेला, नि ती आपली गाणं म्हणतेय."

मी गाडी सुरू केली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी निकेशकडे गेले. गॅरेज उघडायच्या आत, म्हणजे गिऱ्हाईकं नसतात. म्हटलं, एकदाच माझ्याबरोबर ये. तो आला. मिठागराकडे जाणाऱ्या रस्त्याला मोकळं रान आहे, तिथे गेलो. मी बूट काढले.

"आता मारा," तो म्हणाला. "मी समोर बघतो. तुम्ही खाली बघितलं तरी चालेल, इथे काय नाय आपटायला."

मी ब्रेक दाबला आणि खाली पाहिलं. पाऊल हलत होतं. पेडलबरोबर थरथर, थरथर, बोटांपासून घोट्यापर्यंत. मला ते दिसत होतं. लागत नव्हतं. दुसऱ्या कुणाचं पाऊल कुणीतरी माझ्या पुढ्यात आणून ठेवलंय, तसं मी ते पाहत होते.

गाडी थांबली. निकेश म्हणाला, "बघा, चाललंय की."

"हो," मी म्हटलं. "गाडीचं चाललंय."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याची नजर पेडलखालच्या रबरी चटईवर गेली. तिथे ओला डाग होता. अंगठ्याखाली काहीतरी रुतलं होतं, कधी ते मला सांगता येणार नाही. वास येत होता.

त्या दिवशी गॅरेजमध्ये जे बोलले त्याबद्दल मी माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या, आंटी. माझी मिशी, तुमचा पाय. फिट्टंफाट." मग उतरून माझ्या बाजूला आला. "सरका. मी चालवतो."

मी सरकले. सायमननंतर या गाडीत पहिल्यांदा डावीकडे बसले.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

डॉक्टरांनी कापसाचा बोळा आणि सुई घेतली. मला डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाले, टोचलं की सांगा. मी वाट पाहत होते. त्यांनी डोळे उघडा म्हटलं तेव्हा सुया टोचून झाल्या होत्या. दोन्ही पायांना.

साखरेने नसा गेल्या, ते म्हणाले. परत येत नाहीत. जे गेलं ते गेलं, आता उरलेलं सांभाळायचं. उजवा अंगठा बहुतेक काढावा लागेल, मुंबईला. गाडी चालवायची नाही. शिवाय रोज दोन्ही तळवे कुणीतरी नीट तपासायचे, पाहून आणि चाचपून, कारण तुम्हाला स्वतःला कळणार नाही.

मी विचारलं, दिवा वगैरे काही लागत नाही का आधी? त्यांना प्रश्न समजला नाही.

मागची पानं उलटून पाहिली. चप्पल, खडा, बादली. सगळं माझ्याच अक्षरात आहे.

७ डिसेंबर, रविवार

गेल्या सोमवारी डेबोरा फोनवर रडली. नंतर म्हणाली, तिकीट काढते. मी म्हटलं, काढ, पण तुझं काढ. ये आणि हनुकाला राहा. मी तिकडे येत नाही.

"मग राहणार कुठे? तुझे पाय कोण बघणार?"

फोनजवळ वन्सं बसल्या होत्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनंतर त्या परत गेल्याच नाहीत. त्यांनी रिसीव्हर मागितला. "डेबोरा, मी बघीन," म्हणाल्या. "हसू नको. डोळे नसले तरी बोटं हायत माझी. रोज सकाळी तिचे तळवे चाचपीन, एक खडा सुटायचा नाय. ती मला वात लावून देईल. चाललं की."

मग डेबोरा म्हणाली, "आत्या, तिला लाडू देऊ नका."

"मीच खाईन," वन्सं म्हणाल्या.

तेव्हापासून त्या रोज तपासतात. मी पलंगावर पाय सोडून बसते. त्यांचा हात कुठे आहे ते मला बघूनच कळतं.

१४ डिसेंबर, रविवार

उद्या मुंबईला. निकेश नेणार आहे. डेबोरा शुक्रवारी पोचेल. तिथल्या हॉस्पिटलातून सुटले की पेणला परत यायचं नाही, रेल्वेने थेट रोह्याला. पेणचं घर बंद करायचं आहे, म्हणून इथेच लिहून ठेवते. मी बरी होऊन आले तरी ही वाटणी बदलायची नाही.

शिवणयंत्र जनीला. पायाने चालवायचं आहे, तिला जमेल. पितळेची मोठी पातेली पण तिलाच. तिने दोनदा विचारलंय आणि मी दोनदा विषय बदललाय.

सायमनचा चांदीचा पेला आणि प्रार्थनेचं पुस्तक डेबोराला. तिच्या लग्नातली साडी विरली आहे, तरी हवी असेल तर न्यावी.

माझे बूट, चांगले आहेत तोवर कुणालाही. आत हात घालून बघून मग द्यावेत.

गाडी निकेशला. विकायची तर विकावी, ठेवायची तर ठेवावी. फक्त जूनमध्ये खालून ग्रीस फासू नये.

दिव्याचे पेले आणि वातींचा डबा माझ्या पिशवीत राहील. ते कुणाला नाहीत.

कपाटाच्या खणात कागदात गुंडाळलेला जुना सेन्सर आहे, तो मिरियमवन्संना. दिसायचा नाही, म्हणून त्यांच्या बोटांत द्यावा आणि काय आहे ते सांगू नये. टोकाची काळी वाळू पुसायची नाही.